मॉरिशसची सहल : आधी मोसम, मग दर

कापडाच्या बाजारात नवखा माणूस ओळखायचा असेल तर तो पहिला प्रश्न कोणता विचारतो ते पाहावे. नवखा आल्याबरोबर दर विचारतो. जुना माणूस आधी पन्ना विचारतो, सूत बोटांत धरून पाहतो, माल हातात कधी पडणार ते विचारतो आणि दराकडे शेवटी वळतो. हा धडा आम्हाला दुकानात तीस वर्षांपासून पाठ आहे. तरीही परदेशच्या सहलीचा सौदा करताना आम्ही नवख्यासारखे वागलो आणि पैसे घालवून बसलो. हल्ली आपल्या व्यापारी घरांतूनही बेटावर सुट्टी घालवण्याची भाषा ऐकू येते. म्हणून मॉरिशसची सहल कशी आखावी, तिच्यात पैसा कुठे जातो आणि कुठे वाचतो, हे आमच्या तजुर्ब्यावरून येथे सांगत आहोत.

आमचे काय चुकले

२०२३ च्या दिवाळीनंतर एका एजंटाने आम्हाला जानेवारीचे पॅकेज दाखवले. दर इतरांपेक्षा चांगलाच खाली होता. "दोनच खोल्या शिल्लक आहेत," असे तो म्हणाला. हेच वाक्य आम्ही स्वतः गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवले असेल, पण त्या दिवशी आम्हीच त्याला भुललो आणि बयाणा देण्याऐवजी पूर्ण रक्कम मोजून दिली.

१५ जानेवारी २०२४ रोजी आमचे विमान होते. नेमके त्याच दिवशी बेलाल नावाचे चक्रीवादळ मॉरिशसवर आले. राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांत पाणी शिरले, गाड्या वाहून गेल्या, विमानतळ बंद ठेवावा लागला. आम्ही बांधलेल्या बॅगा घेऊन घरीच बसलो. विमानाचे पैसे परत आले. हॉटेलचे आले नाहीत, कारण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे छापलेले होते. आम्ही ती बाजू उलटून पाहिलीच नव्हती. मुलांच्या आईने मात्र एकच प्रश्न विचारला, "त्या महिन्यात तिथे वादळे येतात हे कोणाला विचारले होते का?" आम्ही विचारले नव्हते. दर कमी होता त्याचे एक कारण तेच होते.

मोसम उलटा आहे

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेला साधारण २० अंशांवर. त्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा. तो गरम, दमट आणि पावसाचा. त्यातले जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने. दरवर्षी वादळ बेटावर आदळतेच असे नाही, पण धोका याच महिन्यांत अधिक. तिथे वादळाचे इशारे एक ते चार अशा पायऱ्यांनी दिले जातात. तिसरा इशारा लागला की सारे व्यवहार थांबतात आणि पाहुण्यांना हॉटेलातच बसून राहावे लागते.

मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा. हिवाळा म्हणजे थंडीने कुडकुडणे नव्हे. किनाऱ्यावर दिवसा आपल्या डिसेंबर-जानेवारीसारखी हवा असते, पाऊस कमी असतो, रात्री एखादा स्वेटर लागतो. समुद्राचे पाणी थोडे गार असते, एवढेच. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस सर्वांत सुखाचे, कारण हवा उबदार होत जाते आणि पाऊस अजून सुरू झालेला नसतो.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहा. मे महिन्यात आपल्याकडे लगनसराई, पुढे दिवाळीची खरेदी. मधल्या जून, जुलै, ऑगस्टमध्ये पावसामुळे दुकानात गिऱ्हाईक कमी. नेमक्या याच दिवसांत मॉरिशस कोरडे असते, आणि जूनच्या सुमारास तिथल्या हॉटेलांचे दरही बरेच उतरलेले असतात. सर्वांत महाग दिवस म्हणजे नाताळ ते नवे वर्ष. रमजान ईद व बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. सध्या काही वर्षे त्या पावसाळ्याच्या आधीच होऊन जात असल्याने तीही अडचण नाही. शाळेत जाणारी मुले बरोबर असतील तर दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा बरा.

कोणता किनारा घ्यावा

बेट लांबीला सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. एवढ्याशा बेटात किनाऱ्याने काय फरक पडणार, असे वाटेल. पण पडतो. हिवाळ्यात आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात. उर्दू शाळेत आम्ही त्यांना 'तिजारती हवाएं' म्हणून शिकलो, मराठी पुस्तकांत त्यांना व्यापारी वारे म्हणतात. बेल मारसारख्या पूर्व किनाऱ्यावर हे वारे जुलै-ऑगस्टमध्ये थेट अंगावर येतात. त्या वेळी उत्तरेला ग्रां बे व त्रू ओ बिश किंवा पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक येथे राहावे. तिथे वाऱ्याला आडोसा मिळतो. उन्हाळ्यात जाणाऱ्याला मात्र पूर्वेचा तोच वारा हवाहवासा वाटतो. मधल्या पठारावर क्युरपिपच्या बाजूला ढग आणि पाऊस नेहमीच जास्त, म्हणून तिकडे जाताना छत्री न्यावी.

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतले पाणी उथळ व शांत असते आणि पोहायला चांगले. दक्षिणेला ग्री ग्री येथे ही भिंत तुटलेली आहे. तिथे लाटा पाहाव्यात, पाण्यात उतरू नये. प्रवाळ पायाला कापतो, म्हणून रबरी बूट जवळ ठेवावेत.

दरात काय आणि दराबाहेर काय

आपल्या धंद्यात गोदामातला दर वेगळा आणि घरपोच दर वेगळा. सहलीतही तेच. एजंटाने सांगितलेल्या आकड्यात पुढील गोष्टी आहेत की नाहीत, हे लेखी मागावे.

पहिली गोष्ट जेवण. हॉटेलांचे सर्वसाधारण तीन प्रकार असतात. पहिल्यात फक्त सकाळचा नाश्ता. दुसऱ्याला हाफ बोर्ड म्हणतात, त्यात नाश्ता आणि रात्रीचे जेवण. तिसरा ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे सर्व जेवणे व पेये. या तिसऱ्या प्रकाराच्या दरात दारूचा खर्च धरलेला असतो. जो ती पीत नाही त्याने दुसऱ्याच्या पिण्याचे बिल कशाला भरावे? आपल्या कुटुंबांना हाफ बोर्ड परवडतो. दुपारी बाहेर गावात डाळपुरी किंवा बिर्याणी स्वस्तात मिळते. तिथल्या लोकसंख्येत मुसलमान सहावा भाग किंवा त्याहून थोडे जास्त आहेत, त्यामुळे गावांत हलाल खाणे शोधावे लागत नाही. मोठ्या हॉटेलात मात्र गृहीत धरू नये. मांस हलाल आहे का, स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का, हे बुकिंगपूर्वी विचारून उत्तर लेखी घ्यावे.

दुसरी गोष्ट विमानतळावरून नेणे-आणणे. विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि ग्रां बे वायव्येला. म्हणजे टॅक्सीचा तासाहून अधिक प्रवास, आणि तोही दोन वेळा. पोर्ट लुईस ते क्युरपिप अशी मेट्रो आहे, पण ती विमानतळापर्यंत जात नाही.

तिसरी गोष्ट कर. तिथे १५ टक्के व्हॅट आहे. तो दरात धरला आहे की वरून लागणार, आणि पर्यटकांकडून रात्रीमागे घेतले जाणारे शुल्क कोण भरणार, हे स्पष्ट करून घ्यावे.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सौदा मोडल्यास काय. किती दिवस आधी रद्द केले तर किती कापणार? वादळाने विमान रद्द झाले तर हॉटेल तारीख बदलून देणार का? विम्यात यापैकी काय बसते? पावतीची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशाचा हिशेब

तिथल्या चलनालाही रुपयाच म्हणतात, आणि गफलत इथेच होते. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाहून बराच जड आहे. खाण्याच्या यादीवर पाचशेचा आकडा पाहून तो आपले पाचशे समजणारा माणूस रात्री हिशेब करताना दचकतो. निघण्याच्या दिवशीचा भाव वहीत लिहून घ्यावा आणि प्रत्येक खर्च गुणून पाहावा. १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे आपले यूपीआय सुरू झाले आहे. मात्र प्रत्येक दुकानात ते चालेल असे धरून जाऊ नये.

परदेशच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून आपले सरकार टीसीएस घेते. त्याचे दर वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. ही रक्कम बुडीत नव्हे. ज्याच्या पॅनवर ती जमा झाली त्याच्या आयकरात ती वळती होते किंवा परत मिळते. अनेकजण पॅकेज मुलाच्या नावाने घेतात आणि मुलगा विवरणपत्र भरत नाही, मग ती रक्कम तशीच पडून राहते. जो कर भरतो त्याच्याच पॅनवर बुकिंग करावे, प्रमाणपत्र घ्यावे आणि ते आपल्या मुनिमाकडे द्यावे.

भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. तिथे उतरल्यावर तो फुकट मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याचे बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत, आणि निघण्यापूर्वी त्यांच्या सरकारचा प्रवासी फॉर्म ऑनलाइन भरावा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असलेली बरी. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

काय पाहावे

शामारेलची सात रंगांची माती आणि इल ओ सेर हे छोटे बेट सर्वजण दाखवतातच. आम्ही आणखी एक जागा सुचवतो, ती म्हणजे पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट. गुलामी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसे तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर उभे राहिले की सहलीचा खर्च डोक्यातून जातो. तिथून जवळच जुम्मा मशीद आहे. ती १८५० च्या दशकात गुजरात-कच्छकडच्या व्यापाऱ्यांनी उभी केली.

आम्ही अखेर २०२४ च्या जुलैमध्ये फ्लिक आं फ्लाकला सहा रात्री राहून आलो. दर जानेवारीच्या पॅकेजपेक्षा थोडा जास्त पडला, पण माल पूर्ण मिळाला.

शेवटी एक घरची गोष्ट. आमचे थोरले बंधू पंचवीस वर्षे म्हणत राहिले, "हा सीझन जाऊ दे, मग वहिनीला घेऊन कुठेतरी जाऊ." प्रत्येक सीझन गेला, पुढचा आला, दुकान बंद करण्याचे जमले नाही. ते वारले त्या दिवशी मात्र दुकान बंद ठेवले, आणि बाजारातले कोणाचेही काम अडले नाही. म्हणून व्यापारी बंधूंना सांगणे आहे की हॉटेल नंतर पाहा. आधी पावसाळ्यातला एक आठवडा वहीत लिहा आणि त्या तारखांना कोणालाही माल द्यायचे कबूल करू नका.