गाडी बुडाली म्हणून टोटल लॉस होत नाही

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर नागपुरात एक समज घट्ट बसला. मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपन्यांच्या कँटीनपासून वर्धा रोडवरच्या शोरूमपर्यंत तो ऐकायला मिळतो. सीटपर्यंत पाणी शिरलं, एअरबॅग उघडल्या किंवा पुढचा भाग पार चेपला, की विमा कंपनीला 'टोटल लॉस' द्यावाच लागतो म्हणे. जरा माहितगार मंडळी हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या ठरलेल्या विमा किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेलं, की झाला टोटल लॉस. पहिलं विधान साफ चूक आहे. दुसरं अर्धवट आहे, आणि भांडणं जास्त तेच लावतं. कारण हाती आकडा आला, की माणूस तो घेऊन थेट कंपनीच्या काउंटरवर जातो.

नियम असा आहे. गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, पॉलिसीच्या अटींना अधीन राहून, आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरायची. ही व्याख्या 2002 च्या मोटार टॅरिफमधली. 2007 पासून प्रीमियमचे दर मोकळे झाले, तरी पॉलिसीच्या छापील मजकुरात ती टिकून राहिली. मूळ कल्पना जहाजांच्या विम्यातली आहे. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यात दुरुस्तीचा खर्च दुरुस्त झालेल्या जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त व्हावा लागतो. गाडीला त्या मानानं सवलतच मिळाली. पाणी कुठवर चढलं, एअरबॅग किती उघडल्या, याचा या व्याख्येत उल्लेखही नाही. ही निव्वळ दोन रकमांची तुलना आहे, आणि त्यातली एक, म्हणजे आयडीव्ही, अपघाताच्या कितीतरी आधी, पॉलिसी घेतानाच ठरलेली असते.

आयडीव्ही म्हणजे उत्पादकाची यादीतली किंमत वजा वयानुसार घसारा: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षाच्या आत 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाचव्या वर्षी 50. त्यापुढे कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायची. त्यामुळे दहा लाखांची तीच गाडी नवीन असताना टोटल लॉसची रेषा सात लाखांच्या वर असते आणि पाचव्या वर्षी ती पावणेचार लाखांवर येते. एकाच इमारतीच्या पार्किंगमध्ये, एकाच पाण्यात बुडालेल्या दोन गाड्यांपैकी एक दुरुस्तीला जाते आणि दुसरी भंगारात, याचं कारण बहुधा इथं सापडतं. शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही, म्हणजे शेजाऱ्याची ओळख होती, असं मानायची काही गरज नाही.

आता दुसरी रक्कम, जिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. 'पॉलिसीच्या अटींना अधीन राहून' हे शब्द वाचायचे राहतात, आणि सगळी मेख तिथंच आहे. साध्या पॉलिसीत सर्व्हेअर प्रत्येक सुट्या भागावर घसारा कापतो. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबरवर 30, काचेवर काही नाही, बाकीच्या भागांवर वयानुसार, पाचव्या वर्षी 35 टक्के. वरच्याच, पाचव्या वर्षातल्या गाडीचं एस्टिमेट 4 लाख 20 हजार आलं असं समजा. त्यात पत्र्याचे भाग 1 लाख 60 हजार, प्लॅस्टिक आणि एअरबॅग 1 लाख 60 हजार, काचा 20 हजार आणि मजुरी 80 हजार. मालक आयडीव्हीच्या 84 टक्के मोजून निश्चिंत होतो. सर्व्हेअरच्या हिशेबात मात्र पत्र्याचे 1 लाख 4 हजार उरतात, प्लॅस्टिकचे 80 हजार. काचा आणि मजुरी धरून बेरीज 2 लाख 84 हजार, म्हणजे 57 टक्क्यांच्या आत. गाडी दुरुस्तीला जाते आणि कापलेली रक्कम मालकाच्या खिशातून जाते. याच गाडीवर 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कवच, घेतलेलं असतं, तर कपात जवळजवळ झाली नसती आणि तीच गाडी टोटल लॉस ठरली असती. पॉलिसी घेताना चार पैसे वाचवले आणि क्लेमच्या वेळी कंपनीला शिव्या घातल्या, असं बऱ्याच प्रकरणांत घडतं. आयडीव्ही मुद्दाम खाली आणून प्रीमियम वाचवणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. गाडी त्यांची लवकर टोटल होते आणि हाती येते ती त्यांनीच कमी केलेली किंमत.

यावर एक रास्त आक्षेप असतो. सर्व्हेअर कंपनीनंच नेमायचा आणि त्यानंच आकडा ठरवायचा, हा कुठला न्याय? सर्व्हेअरला परवाना विमा नियामक देतो, हे खरं, पण तेवढ्यानं शंका फिटत नाही. ती फिटते न्यायालयाच्या भूमिकेनं. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं. अहवालाची प्रत मागावी, कोणत्या भागावर किती टक्के कापले ते ओळीनं तपासावं, आणि पटलं नाही तर विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जावं. दुसरा आक्षेप असा, की ऐन वेळी 'बाजारात या गाडीला एवढी किंमतच नाही' म्हणून कंपनी रक्कम पाडते. हे तिला करता येत नाही. टोटल लॉससाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत बाजारभाव मानली जाते, अकराव्या महिन्यातसुद्धा. स्वतः मान्य केलेल्या किमतीवरून कंपनीला मागे फिरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये धर्मेंद्र गोयल यांच्या प्रकरणात म्हटलं आहे.

उलट तक्रारही येते: गाडी दुरुस्त होण्यासारखी असताना कंपनी टोटल लॉस का म्हणते? मिहानला लागून शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो. तिथून दूरवर उलटलेली गाडी क्रेननं काढून आणायची, तर तो खर्चही व्याख्येप्रमाणे बेरजेत धरावा लागतो. शिवाय कंपनी सांगाड्याचा भाव बघते. दुरुस्तीची रक्कम एका बाजूला आणि आयडीव्ही वजा सांगाड्याची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवली, की तिला स्वस्त काय ते कळतं. म्हणूनच 75 टक्क्यांच्या खालीही 'नेट ऑफ सॅल्व्हेज'चा प्रस्ताव येतो, म्हणजे सांगाडा तुमच्याकडे आणि उरलेले पैसे तुमच्या खात्यात. तो प्रस्ताव आहे, हुकूम नव्हे. सांगाडा खरोखर तेवढ्याला जातो का, हे बघूनच हो म्हणावं.

बाकीचे समज लवकर आटोपतात. पूर 'देवाची करणी' म्हणून वगळलेला नाही. ओन डॅमेज विम्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मात्र काही मिळत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून इंजिन बसलं, तर ते नुकसान परिणामजन्य म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. टोटल लॉसमध्ये ऑन-रोड किंमत मिळत नाही. ती हवी तर रिटर्न टू इन्व्हॉइस. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. आणि गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. ती न करता सांगाडा विकला, तर तुमच्या नावाचा नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर चढू शकतो, आणि पोलिसांच्या चौकशीचं पत्र तुमच्याच पत्त्यावर येतं.