तारखेमागून तारीख

ट्रॉम्ब्यातले आमचे शेजारी तात्या परवा रात्री आले ते कपाळाला आठ्या घालूनच. मागोमाग चिरंजीव.

"सर, याला तुम्हीच चार गोष्टी सांगा. सनद मिळून दोन वर्षे झाली. रोज मानखुर्दहून गाडी पकडायची आणि सीनियरच्या फायली उचलायच्या. पासाचे पैसेही सुटत नाहीत. त्यातून हौस दिवाणीची! फौजदारी असती तर निदान नाव तरी झाले असते."

मी मराठी शिकवणारा माणूस. कायद्यातले मला काय कळणार? पण मला एक वकील आठवले. त्यांचीच गोष्ट मी सांगितली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी, एवढी विद्या पदरी; पण सनदेसाठी पैसे नवल भथेना या स्नेह्याकडून घ्यावे लागले. हायकोर्टाच्या ओरिजिनल शाखेत काम यायचे ते सॉलिसिटरामार्फत. अस्पृश्य बॅरिस्टराला ते देणार कोण? मग अपिलांची कामे, जिल्ह्याची कोर्टे, आणि संसाराला हातभार म्हणून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे.

"म्हणजे त्यांचेही असेच!" तात्या पुटपुटले.

"पुढे ऐका. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्याले. डिसेंबरात सनातन्यांनी त्यांच्यावर दावा लावला, तोही दिवाणी! तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट पुरातन आहे, हे वादींचे म्हणणे. कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. त्याच महिन्यात महाडला सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले होते. तरी बाबासाहेबांनी हुकूम मानायला लावला आणि लढाई कोर्टात नेली."

चिरंजिवांनी आता मान वर केली. "सर, मग सगळा भार पुराव्यावर. वहिवाट म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायला हवी."

"तेच झाले. महाडच्या कोर्टाने १९३१ साली निकाल दिला, ठाण्याच्या कोर्टाने १९३३ साली तो कायम केला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही. वादींना पुरातन वहिवाट शाबीत करता आली नाही. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच."

"दहा वर्षे लागली म्हणा," तात्या म्हणाले.

"लागली. पण तळ्यावरचा हक्क लेखी झाला. दिवाणी वकिलाचे भांडवल तेच, तात्या. कागद, पुरावा आणि पुढच्या तारखेला पुन्हा उभे राहणे. त्या फायली उचलतानाच ते गाठीला बांधायचे असते."

तात्या काही न बोलता उठले. दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो तर जिन्यात भेटले. म्हणाले, "सर, पोराला तीन महिन्यांचा पास काढून दिला."