एसएसएचने फाईल पाठविताना : पलीकडचा संगणक कोणता?

महाविद्यालयाच्या कार्यालयातून गुणयाद्या व प्रवेशअर्ज सर्व्हरवर पाठविण्यासाठी एकेकाळी एफटीपी ही पद्धत सर्रास वापरली जाई. तिच्यात पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जात असे. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीचा प्रकार घडला, तेव्हा तेथील टाटू युलोनेन यांनी सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच, तयार केले. आज बहुतेक ठिकाणी दिसते ते १९९९ मधले मुक्त रूप, ओपनएसएसएच.

एसएसएचमध्ये सारा मजकूर सांकेतिक होतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु बंद लिफाफा भलत्याच माणसाच्या हाती दिला तर त्याचा उपयोग काय? नव्या सर्व्हरशी प्रथम जोडताना पडद्यावर त्याच्या किल्लीचा ठसा उमटतो (हल्ली 'एसएचए२५६' नंतरची ४३ अक्षरे) आणि पुढे जायचे का, असे विचारले जाते. आपण न वाचताच 'येस' टाईप करतो. मध्ये कोणी तोतया बसला असेल, तर सुरक्षित मार्ग त्याच्याशीच जुळतो. पासवर्ड वापरल्यास तो त्याला आयता मिळतो. स्वतःच्या किल्लीने प्रवेश केल्यास तिची सही त्याच जोडणीपुरती असते, म्हणून तो ती खऱ्या सर्व्हरकडे वापरू शकत नाही. पण पाठविलेली गुणयादी मात्र त्याच्या हाती पडतेच. विद्यार्थ्यांची माहिती ही आपल्याकडची अमानत आहे.

यावर उपाय साधा आहे. सर्व्हरसमोर बसून एसएसएच-कीजेन या आज्ञेने ठसा काढावा, कागदावर छापून घ्यावा व पडद्यावरील ठशाशी ताडून पाहावा. संस्थेचे सर्व संगणक एकाच व्यवस्थापकाकडे असतील तर त्यानेच खरी किल्ली प्रत्येक संगणकाच्या 'नोन होस्ट्स' फाईलमध्ये आधी भरून ठेवावी. मग शिक्षकांना प्रश्नच विचारला जाणार नाही.

रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत ही तपासणीच बंद करून टाकण्याची खोड फार आढळते. काम अडत नाही खरे, पण पहाराही उरत नाही. अशा कामाला वेगळी किल्ली द्यावी आणि तिला एका फोल्डरपुरतीच एसएफटीपीची मुभा ठेवावी. (एप्रिल २०२२ मधील ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी ही आज्ञाही आतून एसएफटीपीच वापरते.)

कधी 'ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा येतो. बहुधा सर्व्हर नव्याने बसविलेला असतो. तरीही जुनी ओळ खोडण्यापूर्वी व्यवस्थापकाला फोन करून नवा ठसा विचारावा.