बार भरण्याआधी नळी पाहा

सभासद बंधूंनो, पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आपल्यापैकी काहींकडे आहे. बंदूक मात्र वर्षभर कपाटात पडून. मागे पावसाळा सरल्यावर आम्ही आमची १२ बोअरची दुनळी बाहेर काढली. काडतूस नाही याची खात्री करून, उघडून उजेडाकडे धरली, तर एका नळीतून उजेडच दिसेना. कुंभारमाशीने आत मातीचे घर केले होते! तसाच बार काढला असता, तर नळी फाटून तिच्याखालचा हात गेला असता.

२० बोअरचे काडतूस १२ बोअरमध्ये कधीही घालू नये. ते पुढे सरकून अडकते, अन् मागून दुसरे उडवले की नळी फुटते. वापरानंतर गजाला चिंधी लावून नळी पुसावी, तेलाचा पातळ हात द्यावा. कातडी पिशवीत ठेवू नये. ती ओल धरते, गंज चढतो.

बंद केल्यावरही नळी डुगडुगत असेल, तर गावच्या लोहाराकडे नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. अशाच कारागिराकडून ती नीट बसवून घ्या.

तोडलेल्या उसाला खोडवा येतो, हाताला येत नाही!