काहिलीतले विसर्जन

भाद्रपदात माहेरवाशीण गौरी जेवून निघाली, की करवीरनगरीतील घरोघरचे गणरायही तिच्याबरोबर निघतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचे जल एकवटून वाहणारी पंचगंगा. तिच्या ओटीत देव सोपवावा, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची. अलीकडील वर्षांत मात्र तिच्या घाटाजवळ व आसपासच्या गावांत पाण्याने भरलेली कुंडे, क्वचित गुऱ्हाळातील काहिलीही मांडलेल्या दिसतात. ज्या काहिलीत रस उकळावयाचा, तीत गजाननास निरोप द्यावयाचा? आम्हासही प्रथम चुकल्याचुकल्यासारखे झाले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

परंतु विधी काय सांगतो? आपण पूजितो तो पार्थिव गणेश, म्हणजे मातीचा. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते. उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून ती किंचित हलविली, की देव स्वस्थानी जातात आणि उरते ती माती. शाडूची ही माती काहिलीतही सुखेनैव विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नदीतही दीर्घकाळ तशीच राहते आणि पाणी ओसरले, की भग्न होऊन काठावर उघडी पडते. त्यास निरोप म्हणावे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नैसर्गिक मातीच्या मूर्तींचा आग्रह धरला. आपल्या आज्यांना तो नवा वाटला नसता.

अर्थात, मूर्तींनीच नदी नासली असे कोणी समजू नये. उत्सव चार दिवसांचा. शहरांचे सांडपाणी व कारखान्यांची घाण बारमाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली, माणसे दगावली. त्या घरांतही गणपती बसतच होते.

पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेस मिळते. पावसाळ्यात पुराचे पाणी तेथे श्रीदत्तांच्या पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि त्या सोहळ्यात स्नान करण्यास भाविक दुरून येतात. वरच्या गावाने नदीत सोडलेले खालच्या गावात देवाच्या चरणांवरून जाते, हे ध्यानी आल्यापासून आम्हास काहील परकी वाटेनाशी झाली.

कोल्हापुरात दान दिलेल्या मूर्ती इराणी खाणीत विसर्जित होतात, निर्माल्याचे खत होते. या कामी तरुण मंडळी रात्र रात्र उभी असतात. आरती होते, मूर्ती त्यांच्या हाती जाते. घरची मंडळी मात्र रिकामा पाट परत नेत नाहीत; चिमूटभर वाळू त्यावर ठेवून, पुढच्या वर्षी लवकर या म्हणत, घराकडे वळतात.