शब्द ओळखीचा, अर्थ परका

आता इंडोनेशियन आणि मलेशियातली मलाय घ्या. मूळ भाषा एकच, मलाय. १८२४ च्या इंग्रज-डच करारानं तो मुलूख दोन साम्राज्यांत वाटला गेला आणि शब्दांच्या वाटाही फुटल्या. 'पर्चुमा' म्हणजे मलेशियात फुकट, इंडोनेशियात व्यर्थ. 'बुदाक' मलेशियात लहान मूल, इंडोनेशियात गुलाम! इंडोनेशियातून कितीतरी बायका मलेशियात घरकामाला जातात. मालकीण 'बुदाक' म्हणाली, तर नवख्या बाईनं काय समजायचं? शब्द अनोळखी असता तर तिनं विचारलं असतं. ओळखीचा आहे, म्हणून ती विचारतच नाही. हिंदीतली 'शिक्षा' ऐकून आपण दचकतो ना, तसंच. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, असं विट्गेन्श्टाइन म्हणतो ते हेच. तेव्हा ओळखीच्या शब्दापाशी जरा थांबावं, विचारून घ्यावं.