नारोशंकराची घंटा आली कुठून? उत्तर आहे वसईच्या किल्ल्यात

इंदिरानगरहून रामकुंडावर जाणाऱ्या बहुतेकांनी नारोशंकर मंदिराची भलीमोठी घंटा पाहिलेली असते. मंदिर १७४७चं. घंटेवर मात्र साल आहे १७२१. देवळाआधी घंटा कशी? कारण ती मूळची वसईच्या पोर्तुगीज चर्चची. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत पोहोचल्या. भीमाशंकरची घंटाही त्यातलीच.

किल्ला की शहर?

रामशेज, हरिहर चढणाऱ्या नाशिककरांना हा किल्ला चक्रावून टाकतो. चढ नाहीच. सुमारे साडेचार किलोमीटर तटाच्या आत एक अख्खं शहर होतं. १५३४मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं इथे चर्च, मठ, वाडे उभे राहिले. जपानमध्ये नागासाकीला १५९७मध्ये क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे.

मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज फोडले. दोन्हीकडची हजारो माणसं गेली. तहात मात्र पोर्तुगीजांना शस्त्रांसह बाहेर पडू दिलं, मागे राहणाऱ्यांना धर्म पाळायची मुभा दिली. वसईतले मराठी बोलणारे ख्रिस्ती आजही इथलेच आहेत. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, हा उलटा फेराही विसरू नये.

पाहायचं काय?

सगळ्यात आधी सेंट जोसेफ चर्चचा मनोरा. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. प्री-वेडिंगवाले त्यावरूनच ट्रायपॉड सरकवतात. जागा पुरातत्त्व खात्याची संरक्षित आहे, पण पायाखालची अक्षरं झिजायची थांबत नाहीत. ती वाचायची असतील तर सकाळी जा, तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. नागेश्वराचं देऊळ आणि चिमाजी अप्पांचं स्मारकही आतच आहे.

जायचं कसं?

नाशिकरोडहून रेल्वेने दादर, तिथून विरार लोकलने वसई रोड. पुढे बस किंवा रिक्षा. कल्याणला उतरून दिवा-वसई मार्गानेही जाता येतं, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघा. गाडीने कसारा घाट, भिवंडीमार्गे. पाणी सोबत हवंच, आणि पावसाळ्यात पायात बूट. गवत गुडघाभर वाढतं, त्यात उघड्या विहिरी दिसत नाहीत.